एका सीटचा जाहीरनामा

माझी मुळाक्षरं पत्रकांवर गिरवून झाली. इचलकरंजीत वडिलांचा छोटा छापखाना होता. लग्नपत्रिका छापून पैसे मिळवायचे आणि पत्रकं छापून ते घालवायचे, असा त्यांचा धंदा. हुंड्याच्या निषेधाचं पत्रक आणि भरपूर हुंडा घेऊन ठरलेल्या लग्नाची पत्रिका एकाच दिवशी एकाच यंत्रातून बाहेर पडलेली मी पाहिली आहे. मुद्रितं तपासायचं काम माझ्याकडे असायचं. त्याचा परिणाम असा झाला की मला साधं बोलता येईना. चहात साखर कमी पडली तरी मी चहाचा जाहीर निषेध करायचो. मित्र सिनेमाला चला म्हणाले तर मी आधी भूमिका मांडायचो, आणि ती मांडून होईपर्यंत मित्र सिनेमा बघून परत आलेले असायचे.

असा माणूस सिंगापूरला जाऊन मोटरसायकली कापायला लागला, ही गोष्ट आमच्या घरी अजून नीटशी कुणाला पटलेली नाही.

डिप्लोमा झाल्यावर मला हौगांगजवळच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी लागली. दुरुस्तीला आलेल्या जहाजांसाठी पाइप, कठडे, शिड्या बनवायचं ते वर्कशॉप. मालक मिस्टर लिम. पन्नाशीचा, बुटका, कायम हाफ पँटीत. त्याला एकच व्यसन होतं. वर्कशॉपच्या मागच्या कोपऱ्यात तो जुन्या मोटरसायकली घ्यायचा आणि गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे त्यांचं रूप पालटून द्यायचा. पातळ पाइपवरचं माझं वेल्डिंग त्याला आवडलं आणि त्याने मला कठड्यांवरून उचलून त्या कोपऱ्यात आणून बसवलं. नव्वदच्या दशकातली माझी उमेदीची वर्षं त्या कोपऱ्यातच गेली.

आमच्याकडे जास्त मागणी बॉबरला. बॉबर म्हणजे काय, ते सांगतो. मुलींच्या बॉबकटमध्ये केस जसे मानेपाशी छाटतात, तसं मोटरसायकलचं मागचं मडगार्ड छाटायचं. मग मागची सीट काढायची, आडव्यातिडव्या पट्ट्या काढायच्या, शोभेची झाकणं काढायची, चकचकीत नळ्या काढायच्या. उरतं काय? इंजिन, दोन जाडजूड चाकं, एक टाकी आणि स्प्रिंगांवर बसवलेली सायकलसारखी एकच सीट. गाडी ठेंगणी, उघडी आणि थोडी रागावलेली दिसली पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. पण काही जोडायचं असलं तर चुका झाकता येतात. नुसतं काढायचंच असलं की प्रत्येक चूक उघडी पडते. शिवाय सिंगापूरमध्ये काय काढलं, काय बदललं हे तपासणीला नेऊन मंजूर करून घ्यावं लागतं. आरसे, इंडिकेटर, नंबरप्लेट, साखळीवरचं झाकण यांना हात लावायचा नाही. म्हणजे जितकं कमी करता येईल तितकं करायचं, पण कायद्यात बसवून.

पहिला बॉबर उघडून बघितला आणि मला साक्षात्कार झाला. हे तर आमचंच तत्त्वज्ञान! अनावश्यक ते सगळं फेका! आडपडदे फाडा! त्या आठवड्यात मी एका मोठ्या पुठ्ठ्यावर लाल रंगाने देवनागरीत लिहिलं: 'जे गाडी चालवण्याच्या कामाचं नाही, ते गाडीवर राहणार नाही!' आणि तो जाहीरनामा माझ्या टेबलाच्या वर टांगला. लिमला मराठी येत नव्हतं. त्याने मान वर करून ती अक्षरं पाहिली आणि कामाला लागला. चिनी नवीन वर्षाला बघतो तर माझ्या जाहीरनाम्यासमोर दोन संत्री आणि एक उदबत्ती. मी चिडून म्हणालो, "बॉस, हा देव नाही!" लिम त्याच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाला, "नेव्हर माइंड लाह. बेटर सेफ." पुढे दर वर्षी संत्री येत राहिली, आणि मी ती खात राहिलो.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कुरिअरच्या कामावरच्या एका पोराला बॉबर हवा होता, पण मागे पार्सलची पेटीही हवी होती. मी त्याला अर्धा तास समजावलं की पेटी असलेला बॉबर म्हणजे संसार थाटलेला साधू. तो शांतपणे म्हणाला, "ब्रदर, पेटी नाही तर नोकरी नाही." त्याला पेटी लावून दिली आणि महिनाभर मी स्वतःशी बोललो नाही. बँकेतल्या एका साहेबाला टाकीवर गरुड हवा होता. गरुड गाडी चालवतो का, असं मी विचारलं. लिमने मला त्या दिवशी पुन्हा कठड्यांवर पाठवलं.

पण सांगायचंय ते चीफ पाटणकरांच्या गाडीबद्दल.

चीफ म्हणजे चीफ इंजिनिअर. पाटणकर मूळचे पुण्याचे, आयुष्य जहाजांच्या पोटात काढलेले. तीन मजली घराएवढी इंजिनं सांभाळायची सवय. समुद्र सोडून ते सिंगापूरच्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात बसायला लागले होते. पाइपांच्या कामासाठी आमच्याकडे येत. एकदा मागच्या कोपऱ्यात डोकावले, मला मशीनला गावाकडची शिवी देताना ऐकलं आणि म्हणाले, "अरे, मराठी का तू?" त्या दिवसापासून मी त्यांचा 'कॉम्रेड' झालो. हाक मारताना त्यात कौतुक किती आणि टवाळी किती, ते मला कधी नीट मोजता आलं नाही.

त्यांना बॉबर हवा होता. कुठल्याशा परदेशी बंदराच्या फाटकाबाहेर एक माणूस तसल्या गाडीवर एकटाच बसून सिगरेट ओढताना त्यांनी पाहिला होता. बोट सुटली, पण ती गाडी डोक्यातून गेली नाही. लिमने दोनशे सीसीच्या आतली एक जुनी जपानी गाडी काढून दिली. कारण सिंगापूरचं मोटरसायकलचं पहिलं लायसन्स तेवढ्याच गाडीचं मिळतं आणि चीफकडे तेही नव्हतं. "घराएवढं इंजिन चालवलंय," चीफ म्हणाले, "हे तर बाळ आहे. लायसन्स काय, आठवड्याचं काम."

मापं घ्यायला ते आले तेव्हा मालतीकाकूही बरोबर होत्या. शिंपी मापं घेतो तशी आम्ही घेतो. उघड्या सांगाड्यावर खोकं ठेवून माणसाला बसवायचं, हात कुठे पोचतात, गुडघे किती मुडपतात, पाय टेकतो का, ते बघायचं. चीफ खोक्यावर ऐटीत बसले. उंच माणूस, हँडल लांब, सीट मागे, पाय पुढे असं सगळं ठरलं. काकू बाजूला उभ्या होत्या. त्यांनी गाडीच्या मागच्या भागाकडे बोट केलं आणि विचारलं, "आणि मी?"

चीफ एकदम खोक्यावरून उतरले. लग्न झालं तेव्हा त्यांनी काकूंना शब्द दिला होता की बोट सोडली की मोटरसायकल घेईन आणि दर रविवारी आपण भटकायला जाऊ. मधल्या काळात काकूंनी पुण्यात दोन मुलं वाढवली, सासूसासऱ्यांचं केलं, आणि नवऱ्याची बोट कधी लागते याची वाट बघितली. हे मला नंतर कळलं. त्या वेळी चीफ एवढंच पुटपुटले, "कॉम्रेड, मागे छोटीशी काहीतरी सोय..."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी जाहीरनाम्याकडे हात केला. म्हणालो, "काकू, बॉबरला एकच सीट असते. दुसरी लावली की तो बॉबर राहत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

काकूंनी पुठ्ठा वाचला. आमच्या वर्कशॉपमध्ये तो वाचता येणारं तिसरं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. "अक्षर छान आहे," त्या म्हणाल्या आणि पर्स खांद्याला लावून बाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

मी कामाला लागलो. सांगाड्याची मागची शेपटी कापली, तिथे पाइपचा गोल वेल्ड केला. मडगार्डसाठी जहाजाच्या कामातला उरलेला पत्रा घेतला आणि वाळूच्या पिशवीवर ठेवून, तांबट हंडा घडवतो तसा ठोकून ठोकून चाकाच्या गोलाईत बसवला. चाक आणि मडगार्ड यांच्यात सगळीकडे सारखी फट. लिमने त्या फटीत बोट घालून ते पुढून मागे फिरवलं आणि म्हणाला, "नॉट बॅड." लिमच्या तोंडून हे ऐकलेला मी तिसरा की चौथा माणूस असेन. त्या मडगार्डावर माझं प्रेम बसलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

इकडे चीफचं आठवड्याचं काम लांबत चाललं होतं. सिंगापूरच्या परीक्षेत एका लांब अरुंद फळीवरून गाडी हळू, तोल सांभाळत न्यावी लागते. चाक घसरलं की नापास. चीफ पहिल्यांदा पडले, तेव्हा फळी खराब होती. दुसऱ्यांदा पडले, तेव्हा वारा होता. त्यानंतर परीक्षेचा विषय ते काढेनासे झाले, आणि गाडीच्या मापांचा विषय काढायला लागले.

"कॉम्रेड, हँडल जरा जवळ घे."

"किती?"

"बरंच."

पुढच्या वेळी सीट खाली. मग क्लच हलका. मग पाय ठेवायची जागा पुढे होती ती मागे. प्रत्येक वेळी मी भांडलो. मला वाटलं, हा माणूस घाबरला. बोट चालवलेला माणूस दोनदा पडला आणि गाडीला स्कूटर करायला निघाला! मी त्यांना सरळ म्हणालो, "चीफ, तडजोडीला एकदा सुरुवात झाली की शेवट नसतो. इतिहास साक्ष आहे."

"इतिहासाची उंची किती आहे?" चीफनी विचारलं. "पाच फूट असेल तर घे हँडल जवळ."

मला वाटलं, चेष्टा करतायत.

मग एका रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पासिर रिसला त्यांचा फ्लॅट होता, अकराव्या मजल्यावर. काकूंनी थालीपीठं केली होती, वर घरचं लोणी. जेवताना काकू गाडीबद्दल बारीकसारीक विचारत होत्या. हलका केलेला क्लच नंतर पुन्हा जड होतो का, पावसात मागचं चाक घसरतं का. मला भरून आलं. ज्या गाडीवर आपल्याला जागा नाही, तिचीही ही बाई इतकी चौकशी करते! वाढताना त्यांचा डावा तळहात माझ्यासमोर आला. बोटांच्या मुळाशी फोड आले होते, एक फुटलेला. आयुष्यभर थापून, लाटून, भांडी घासून ही अवस्था! आणि समोर चीफ तिसरं थालीपीठ मागत होते.

बसमध्ये बसलो आणि वडिलांनी छापलेलं एक पत्रक आठवलं. 'बाई नेहमी मागे का?' असा त्याचा मथळा होता. त्याची मुद्रितं मीच तपासली होती. आणि मी काय केलं होतं? बाईला मागेसुद्धा जागा ठेवली नव्हती! एका तत्त्वाच्या नादात मी दुसरं तत्त्व पायदळी तुडवलं होतं. हौगांग येईपर्यंत मनातल्या मनात मी स्वतःविरुद्ध एक मोर्चा काढला, त्याचं नेतृत्व केलं आणि त्याला सामोरा जाऊन मागण्या मान्यही केल्या.

दुसऱ्या दिवशी मी दुसरी सीट बनवायला घेतली. कुणालाच न विचारता. छोटी, गोल, चामड्याची, खाली मजबूत पट्टी. ती बसवायला माझ्या त्या लाडक्या मडगार्डाला चार भोकं पाडावी लागली. ड्रिल हातात घेतलं तेव्हा मला खरंच वाईट वाटत होतं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा अभिमानही वाटत होता. त्यागाची अशी गंमत असते. दोन्ही बाजूंना पाय ठेवायला फुटरेस्टही वेल्ड केले.

लिम हात मागे बांधून बघत होता. "कस्टमर आस्क?"

"नो, बॉस. जस्टिस."

"पेपरमध्ये वन सीट लिहिलंय," लिम त्याच्या इंग्रजीत म्हणाला. "इन्स्पेक्शनला टू सीट नेणार? कस्टमर नेव्हर आस्क, यू ऑल्सो वेल्ड. यू शुअर ऑर नॉट?"

मी त्याला स्त्रियांच्या स्थितीबद्दल थोडक्यात सांगितलं. तो मधेच उठून नूडल्स आणायला गेला.

शनिवारी दोघं आले. गाडी रंगून तयार होती. काळी, टाकीवर काही नाही, गरुड तर नाहीच. मी वर चादर टाकून ठेवली होती आणि एक छोटं भाषण तयार केलं होतं. काकू पंजाबी ड्रेस आणि कॅनव्हासचे बूट घालून आल्या होत्या. हातात हेल्मेट. ते बघून मला आनंद झाला; म्हणजे त्यांना आशा होती! मी चादर ओढली आणि म्हणालो, "काकू, त्या दिवशी तुम्ही विचारलंत, 'आणि मी?' आजवर प्रत्येक बाईने विचारलेला हा प्रश्न आहे. त्याचं हे उत्तर."

काकू वाकल्या. त्यांनी चामड्याची गोल सीट बोटाने दाबून पाहिली.

"हे काय बसवलंस मागे? पाट?"

"तुमची जागा, काकू."

"माझी?" त्या सरळ झाल्या. "मी मागे बसू? मग चालवणार कोण?"

मी चीफकडे बघितलं. चीफ छताकडे बघत होते.

"ह्यांना काय बघतोस? हे पडले फळीवरून. आधी दोनदा, मग आणखी एकदा, ते तुला सांगितलं नसेल. मी डबा घेऊन बाकावर बसायचे. इतक्यांदा सांगितलं, अहो, खाली फळीकडे बघू नका, समोर बघा. पण ह्यांना आयुष्यभर इंजिनाच्या मीटरचे काटे बघायची सवय. मग म्हटलं, मीच नाव घालते. पुण्यात पंधरा वर्षं मोपेड चालवली, पुढे गॅसचा सिलिंडर, मागे दोन पोरं. फळी काय घेऊन बसलायस?"

"पहिल्या फटक्यात पास," चीफ म्हणाले. आवाजात कुरकुर होती, पण छाती पुढे आली होती.

"हा क्लच मात्र जड होता शिकायच्या गाडीचा," काकूंनी डावा तळहात उघडून दाखवला. फोड सुकले होते.

जवळ घेतलेलं हँडल, खाली आणलेली सीट, पाच फुटांचा इतिहास, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. ज्या मापांवरून मी तोंड वाजवून भांडलो होतो, ती सगळी काकूंची मापं होती. चीफ एकेक माप माझ्याकडून भांडून घेत होते, आणि मी क्रांतीच्या नावाने त्यांना अडवत होतो.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुला सांगितलं असतं," चीफ म्हणाले, "तर तू पत्रक छापलं असतंस."

माझ्या डोक्यात मथळा आधीच तयार झाला होता.

"त्या दिवशी तुम्ही 'आणि मी' म्हणालात ते..." मी काकूंना विचारलं.

"तेव्हा मागेच बसायचं होतं रे," त्या म्हणाल्या. "तू म्हणालास एकच सीट. घरी जाऊन विचार केला, एकच आहे तर मग तीच का नको?" मग माझ्या जाहीरनाम्याकडे हनुवटी करून म्हणाल्या, "आता काढ तो पाट. काय लिहिलंयस वर ते वाच."

मी पाट काढला. फुटरेस्ट कापले, ग्राइंडर फिरवून वेल्डिंगची खूण घालवली. पण मडगार्डाला चार भोकं राहिली. नवीन मडगार्ड ठोकतो म्हणालो, तर काकू नको म्हणाल्या. त्यांना थांबायचं नव्हतं. भोकांत चार गोल डोक्याचे बोल्ट बसवले. काहीच न धरणारे चार बोल्ट. माझ्याच जाहीरनाम्याप्रमाणे गाडीवर राहायचा त्यांना काडीचा अधिकार नव्हता. तपासणी करणाऱ्याने एकावर बोट ठेवून हे कशाला, असं विचारलं. लिम म्हणाला, "डिझाइन."

गाडी पास झाली त्या रविवारी काकू वर्कशॉपमधून पासिर रिसच्या समुद्राकाठी जाणार होत्या, पहिल्यांदाच एकट्या. आम्ही दोघांनी आधी बसने जाऊन तिथे थांबायचं ठरलं. चीफनी थर्मासमध्ये चहा घेतला. आम्ही झाडाखालच्या बाकावर बसलो. समोर उबिन बेट, मधून एखादा मालवाहू बार्ज संथ चाललेला. चीफ मात्र समुद्राकडे पाठ करून रस्त्याकडे बघत होते. दर दोन मिनिटांनी उठत, कोपऱ्यापर्यंत जात, परत येत.

"एव्हाना यायला हवी होती."

"येतील, चीफ."

"वाटेत बंद पडली असेल का? वेल्डिंग नीट केलं होतंस ना?"

"चीफ!"

"तसं नाही रे. पण काही कळायचा मार्गच नाही." ते पुन्हा बसले. थर्मासचं झाकण उघडलं, लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "फार वाईट काम आहे हे, कॉम्रेड. नुसतं बसून राहायचं."

मला पुष्कळ सुचत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी ते बोललो नाही.

मग तो आवाज आला. एका सिलिंडरची ठाम, बुटकी धडधड. काकू वळणावर दिसल्या. पाठ ताठ, नजर समोर, ओढणी कंबरेला करकचून बांधलेली. त्यांनी आमच्यासमोर गाडी थांबवली, पाय जमिनीवर अगदी सपाट टेकला, हेल्मेट काढलं. चेहरा घामाने चमकत होता.

चीफ धावलेच. "किती उशीर! कुठे होतीस?"

"दोन चकरा जास्त मारल्या," काकू म्हणाल्या. "आणि अहो, तुमची बोट कधी वेळेवर लागली होती?"

चीफनी गुपचूप चहा ओतला. काकूंनी तो गाडीवर बसूनच प्यायला. कप परत देताना चीफ जरा लाडात येऊन म्हणाले, "आता घरापर्यंत मला मागे घे की. इथून पाच मिनिटं तर आहे."

काकूंनी मागे वळून मडगार्डाकडे पाहिलं. चार बोल्ट उन्हात चमकत होते.

"जागा कुठाय? याला विचारा," त्या माझ्याकडे बोट करून म्हणाल्या. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

आणि किक मारून निघून गेल्या. आम्ही दोघं रिकामा थर्मास घेऊन बस स्टॉपवर उभे राहिलो.